घटक ५ : जोडीची नावे – जुळ्या भावंडांच्या नामकरणाचा भाषावैज्ञानिक विचार

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला जुळ्या भावंडांच्या नावांमधील ध्वनिसाम्य, अर्थसाम्य आणि क्रम यांचे विश्लेषण करता येईल. विशेषनामाची 'जोडणे' आणि 'वेगळे करणे' ही दोन कार्ये उदाहरणांसह सांगता येतील. आणि आपल्या परिसरातील अशा नावांचे संकलन कसे करावे, ते करताना कोणती काळजी घ्यावी, हे समजेल.

५.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण विशेषनामाचा विचार केला. सामान्यनाम एका जातीतील सर्वांना लागू पडते, तर विशेषनाम एका व्यक्तीला इतरांपासून वेगळे काढते, हे तेथे पाहिले. आता एक अशी परिस्थिती घेऊ, की जिच्यात विशेषनामाच्या या कार्याची खरी कसोटी लागते. एकाच घरात, एकाच दिवशी, काही मिनिटांच्या अंतराने दोन बाळे जन्माला येतात.

एरवी दोन भावंडांमध्ये नावाखेरीज इतर अनेक भेद असतात. वय वेगळे असते, जन्मतारीख वेगळी असते, शाळेतील इयत्ता वेगळी असते. थोरला आणि धाकटा यांतील अंतर डोळ्यांना दिसते. जुळ्यांच्या बाबतीत हे सारे भेद गळून पडतात. आईवडिलांचे नाव, आडनाव, पत्ता, जन्मतारीख, बहुधा शाळा आणि तुकडीही एकच असते. काही वेळा चेहराही एकच असतो. वेगळेपणाचा सगळा भार एका शब्दावर, म्हणजे पहिल्या नावावर येऊन पडतो. आणि नेमक्या याच ठिकाणी आपल्या समाजाची रीत अशी, की दोन्ही नावे एकमेकांच्या शक्य तितकी जवळ आणावीत. अनिल-सुनील, मीरा-नीरा, अजय-विजय. या घटकात आपण या विसंगतीचा शोध घेणार आहोत.

फर्दिनां द सोस्यूर या भाषावैज्ञानिकाची व्याख्याने 1916 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. भाषिक चिन्हाचे मूल्य ते दुसऱ्या चिन्हांहून किती आणि कसे वेगळे आहे यावर ठरते, हा त्यांतील मूलभूत विचार तुम्हांला परिचित आहेच. तो विचार मनाशी ठेवून पुढील विवेचन वाचावे.

५.२ जावळे, जुळे आणि यमक

प्रथम शब्दांकडे पाहू. संस्कृतात 'यम' या शब्दाचा एक जुना अर्थ 'जुळा' असा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यम आणि यमी या जुळ्या भावंडांचे संवादसूक्त आहे. महाभारतात नकुल आणि सहदेव यांचा उल्लेख अनेकदा नुसता 'यमौ' असा येतो. याच कुळातला 'यमल' हा शब्द. मराठीत त्याचे काय झाले ते पाहा. शब्दारंभीच्या 'य'चा 'ज' होतो (यात्रा – जत्रा, योगी – जोगी). दोन स्वरांमधील 'म'चा अनुनासिक 'व' होतो (ग्राम – गाव, आमलक – आवळा). स्वरांमधील 'ल'चा 'ळ' होतो (फल – फळ). हे तिन्ही नियम लावले, की 'यमल'पासून 'जांवळ' आणि मग 'जावळे', म्हणजे जुळे, हा शब्द सिद्ध होतो. 'नाम'पासून 'नाव' झाले तेही यांतील दुसऱ्याच नियमाने. आज प्रमाण मराठीत 'जावळे' मागे पडून 'जुळे' रूढ झाले आहे, आणि 'जुळणे' या क्रियापदाशी त्याचे नाते उघड आहे. जुळलेले केळे खाल्ले तर जुळी होतात, म्हणून ते सुनेला देऊ नये, ही समजूत तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. तीन बाळांसाठी वर्तमानपत्रे 'तिळे' लिहितात. हा शब्द 'जुळे'च्या सादृश्याने घडलेला दिसतो. जणू 'ळे' हा संख्येला लागणारा प्रत्ययच आहे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने या कुळातील सर्वांत बोलका शब्द 'यमक' हा आहे. काव्यातील ज्या अलंकारात ध्वनींची जोडी येते, त्याला आपल्या साहित्यशास्त्राने जुळ्यांचेच नाव दिले. म्हणजे जुळ्यांना यमक जुळणारी नावे ठेवणारे आईवडील नकळत एका जुन्या शब्दार्थाला जागतात!

ख्रिस्ती परंपरेत तर 'जुळा' हेच विशेषनाम झाले आहे. 'थोमा' हे अरामी भाषेतून आलेले नाव आहे आणि त्याचा अर्थ जुळा असाच. नव्या करारात त्याचे 'दिदुम' हे ग्रीक रूपही येते, त्याचाही अर्थ तोच. वसईत आणि गोव्यात थॉमस, तोमास या नावांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांतील कोणालाही आज आपण 'जुळा' या नावाने वावरतो आहोत याची जाणीव नसते. विशेषनामाचा कोशगत अर्थ झिजून जातो आणि निर्देश तेवढा उरतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

५.३ परंपरेतील जोड्या आणि क्रमाचा प्रश्न

आपल्याकडील जुळ्यांच्या नावांचा मोठा साठा पुराणकथांतून येतो. मात्र येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. रामायणातील राजपुत्रांमध्ये सुमित्रेचे लक्ष्मण आणि शत्रुघ्न हे जुळे. असे असूनही जुळ्यांची नावे 'लक्ष्मण-शत्रुघ्न' अशी ठेवलेली मला कोठे आढळली नाहीत. 'राम-लक्ष्मण' मात्र गावोगाव आहेत. राम आणि लक्ष्मण जन्माने जुळे नाहीत, ते उच्चाराने जुळे आहेत. भाषेत जी नावे एका दमात उच्चारली जातात त्यांची जोडी बनते. जन्माची जोडी तेथे दुय्यम ठरते. जय-विजय, रिद्धी-सिद्धी, गंगा-यमुना या जोड्याही अशाच. हिंदी चित्रपटांनी 'राम और श्याम' (1967) आणि 'सीता और गीता' (1972) यांतून जुळ्यांच्या जोड्यांना आणखी प्रसिद्धी दिली. तेथेही सीतेची जोडी गीतेशी जमते ती केवळ ध्वनीमुळे.

आता या जोड्यांमधील क्रम पाहा. पाणिनीने द्वंद्व समासात कोणते पद आधी यावे याचे नियम दिले आहेत. त्यांपैकी 'अल्पाच्तरम्' (2.2.34) या सूत्राप्रमाणे ज्या पदात स्वर कमी ते पद आधी येते. जय-विजय, राम-लक्ष्मण, गंगा-यमुना, नकुल-सहदेव या सर्व जोड्या या सूत्राला धरून आहेत. मराठी बोलणारा पाणिनी न वाचताही 'विजय-जय' म्हणत नाही. याखेरीज भावांच्या बाबतीत थोरल्याचे नाव आधी यावे, असेही एक वार्तिक आहे. 'युधिष्ठिरार्जुनौ' हे त्याचे उदाहरण. घराघरांत या दोन नियमांची सांगड अशी घातली जाते, की जोडीतील पहिले नाव आधी जन्मलेल्याला मिळते. नाव ठेवतानाच थोरलेपणा, चार मिनिटांचा का होईना, कायमचा नोंदवला जातो.

या दृष्टीने लव आणि कुश यांची जोडी अभ्यासण्यासारखी आहे. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडातील कथेप्रमाणे ऋषींनी दर्भाची मूठ घेतली. तिच्या एका भागाने, म्हणजे कुशाने, आधी जन्मलेल्या बाळाचे आणि उरलेल्या भागाने, म्हणजे लवाने, नंतरच्या बाळाचे रक्षण-मार्जन करण्यास सांगितले. त्यावरून थोरला कुश आणि धाकटा लव. संस्कृतात त्यांचा समास 'कुशीलवौ' असा येतो आणि 'कुशीलव' या शब्दाला गायक, नट असाही अर्थ आहे. असे असताना मराठीत आपण 'लव-कुश' का म्हणतो? याचे उत्तर दुसऱ्या कथेत आहे. 'कथासरित्सागरा'त आणि लोककथांतही सीतेला मूल एकच होते, लव. एकदा तो पाळण्यात न दिसल्याने ऋषींनी घाबरून कुशाच्या गवतापासून दुसरे बाळ घडवले. या कथेत लव थोरला ठरतो आणि जोडीचा क्रम उलटतो. ही कथा मनात असेल तर 'लव-कुश' हाच क्रम स्वाभाविक वाटतो.

ग्रामीण महाराष्ट्रात हीच जोडी 'लहू-अंकुश' या रूपात भेटते. ओव्यांमध्येही तिचे हे रूप आढळते. शहरी वाचक 'लव-कुशाचा अपभ्रंश' म्हणून हे रूप झटकून टाकतात. तसे करण्याची घाई करू नये. विमलसूरीच्या 'पउमचरिय' या महाराष्ट्री प्राकृतातील जैन रामकथेत सीतेच्या जुळ्या पुत्रांची नावे अनंगलवण आणि मदनांकुश अशी आहेत, म्हणजे लवण आणि अंकुश. 'अंकुश' हे रूप अशा रीतीने चांगलेच जुने आहे. 'लहू'मध्ये मात्र लोकव्युत्पत्तीचा हात असावा असे मला वाटते. 'लघु'पासून आलेला 'लहू', म्हणजे लहान, हा शब्द मराठी कानाला ओळखीचा होता. 'लव' त्या ओळखीच्या साच्यात बसला.

क्रमाचा हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. नैर्ऋत्य नायजेरियातील योरुबा समाजात जुळ्यांची संख्या जगात लक्षणीय मानली जाते आणि तेथे जुळ्यांची नावे आईवडिलांना निवडावी लागतच नाहीत. ती परंपरेने ठरलेली आहेत. आधी जन्मतो तो ताइवो, म्हणजे जगाची चव घेण्यास आधी आलेला. मागून येतो तो केहिंदे. पण थोरला मानतात तो केहिंदेला! जग कसे आहे ते पाहून ये, असे सांगून त्याने ताइवोला पुढे पाठवले, अशी समजूत आहे. जुळ्यांच्या पाठीवर जन्मलेल्या मुलाचे नावही ठरलेले असते, इदोवू. कुश आणि लव यांच्या दोन कथांमध्ये आपण जे पाहिले तेच येथे दिसते. जन्मक्रम ही जैविक घटना आहे. थोरलेपण ही समाजाने लावलेली संगती आहे आणि नाव तिचे वाहन बनते.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
अ) 'यमल'पासून 'जावळे' हा शब्द कोणत्या ध्वनिपरिवर्तनांनी सिद्ध होतो ते सोदाहरण सांगा.
आ) तुमच्या परिसरातील पाच जोडनावे घेऊन त्यांना 'अल्पाच्तरम्' हे सूत्र लागू पडते का ते तपासा. न लागू पडणारी जोडी सापडल्यास तिचा क्रम कशाने ठरला असेल?

५.४ हाक आणि लाडनाव

जुळ्यांच्या नावांतील ध्वनिसाम्य दोन प्रकारचे असते. काही जोड्यांचा शेवट सारखा असतो: अनिल-सुनील, अजय-विजय, मीरा-नीरा, सीमा-रीमा. काहींची सुरुवात सारखी असते: सुमित-सुमेध, समीर-सागर, प्रज्ञा-प्रतिभा. पहिल्या प्रकाराला आपण यमकाची जोडी आणि दुसऱ्याला अनुप्रासाची जोडी म्हणू. वरवर पाहता हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात या दोन्ही जोड्या वेगवेगळ्या ठिकाणी कामाला कमी पडतात, आणि तेच आपल्याला समजून घ्यायचे आहे.

यमकाची जोडी हाकेत कमी पडते. 'मीरा' आणि 'नीरा' हे स्वनिमविचारातील लघुतम युग्म आहे; दोन्ही शब्दांत फक्त 'म' आणि 'न' एवढाच भेद. शांत खोलीत तो पुरेसा असतो. पण माजघरातून अंगणात किंवा रस्त्यावरून तिसऱ्या मजल्यावर हाक मारली, की व्यंजने विरून जातात आणि स्वर तेवढे पोहोचतात. त्यातही 'म' आणि 'न' ही दोन्ही अनुनासिके असल्याने गोंगाटात त्यांची गल्लत सहज होते. शिवाय हाक मारताना आपण शेवटचा स्वर लांबवतो. मुलींच्या कानावर येते ते '–ईराऽऽ'. मग दोघी येतात किंवा दोघीही येत नाहीत. अशा घरांतील एका आजींनी मला सांगितले, "पहिल्या पहिल्यांदा दोघी धावत यायच्या. मग दोघींनी एक युक्ती काढली. तुलाच बोलावलंय, असं एकमेकींना सांगून दोघी खेळत बसायच्या." अनिल-सुनील यांचीही हीच गत आहे. हाकेत उरतो तो '–निऽऽल'.

अनुप्रासाच्या जोडीला हाकेची भीती कमी, कारण शेवट वेगळा असतो. तिची अडचण लाडनावात होते. मराठीत मुलांच्या नावांचे लघुरूप करण्याची एक ठरलेली रीत आहे. नावाचा आरंभीचा भाग ठेवायचा, उरलेले नाव गाळायचे आणि 'या' लावायचा: विजयचा विज्या, संजयचा संज्या, प्रकाशचा पक्या. मुलींच्या नावांत 'ई' किंवा 'ए' येतो: संगीताची संगी, सुमनची 'सुमे'. आता अनिल-सुनील घ्या. त्यांचे अन्या आणि सुन्या होतात. गळलेला भाग सारखाच होता, त्यामुळे भेद टिकून राहतो. किंबहुना अधिक ठळक होतो. सुमित-सुमेध घ्या. दोघेही 'सुम्या'! भेद ज्या भागात साठवला होता तोच भाग मराठी भाषेने गाळून टाकला. मग मित्रमंडळी आपले मार्ग काढतात. एक 'मोठा सुम्या' आणि एक 'छोटा सुम्या' होतो, किंवा एकाला चष्म्यावरून नाव पडते. आईवडिलांनी पंचांग, कोश आणि नातेवाईक पालथे घालून निवडलेले नाव दहाव्या वर्षी निकामी होते.

थोडक्यात, यमकाची जोडी दूरवरच्या हाकेत बुडते आणि अनुप्रासाची जोडी जवळिकीच्या बोलण्यात. मुलगा आणि मुलगी अशी जुळी असतील तर एकाच शब्दाला स्त्रीलिंगी प्रत्यय लावण्याचा मोह होतो: जय-जया, आर्य-आर्या. 'आर्य' आणि 'आर्या' यांत भेद आहे तो अंत्य स्वराच्या लांबीचा, आणि हाकेत नेमका अंत्य स्वरच लांबतो. त्यात भर म्हणजे रोमन लिपीत ही दोन्ही नावे सर्रास एकाच रीतीने लिहिली जातात. देवनागरीत एका कान्याने राखलेला भेद तेथे पुसला जातो.

५.५ पत्रिका आणि कागद

येथे तुम्ही विचाराल, की मग लोक अनुप्रासाची नावे इतक्या आग्रहाने का ठेवतात? त्याचे एक कारण हौसेचे नाही, गणिताचे आहे. जन्मनाव ठेवताना जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्राच्या ज्या चरणात असेल त्या चरणाचे अक्षर घेण्याची प्रथा आहे. अश्विनी नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरे चू, चे, चो, ला. मघाची मा, मी, मू, मे. चंद्राला एक नक्षत्र ओलांडण्यास साधारण एक दिवस लागतो, म्हणजे एका चरणाला सुमारे सहा तास. जुळ्यांच्या जन्मात अंतर मिनिटांचे असते. तेव्हा दोघांचा चरण बहुधा एकच येतो आणि दोघांना अक्षरही एकच मिळते. पूर्वी जन्मनाव पत्रिकेपुरते ठेवून व्यवहारात वेगळे नाव वापरले जाई. आता अनेक घरांत पत्रिकेतील अक्षरावरूनच व्यवहारातील नाव ठरवतात. बाराव्या दिवशी आत्या दोन्ही बाळांच्या कानांत 'कुर्रर्र' करून एकाच अक्षराची दोन नावे सांगते.

त्याआधीचे बारा दिवस ही बाळे कोणत्या नावाने ओळखली जातात? रुग्णालयाच्या पट्टीवर आईचे नाव आणि पुढे १ व २ असे आकडे असतात. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 नुसार जन्माची नोंद नावाशिवायही होते आणि नाव मागाहून घालता येते. बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून. नाव निवडण्यास कायद्याने पुरेशी उसंत ठेवली आहे, ती घ्यावी असे माझे मत आहे. बारशाचा हॉल आधीच ठरलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

कागदावरील मराठी नावाची रचना मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी त्रिपदी आहे. महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही समाविष्ट होते. हा बदल अनेक दृष्टींनी महत्त्वाचा असला तरी जुळ्यांच्या बाबतीत त्याने भेदात भर पडत नाही, कारण तेही पद दोघांना सामाईकच. चारांपैकी तीन पदे सारखी. उरलेल्या एकाचे आद्याक्षर सारखे. यादी आडनावाने सुरू होत असेल तर दोघांची नावे लागोपाठ येतात. आद्याक्षरांनी नाव लिहिले, तर दोन माणसे एक होतात.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी शिकवीत असलेल्या महाविद्यालयात दोन जुळ्या बहिणी होत्या. दोघींची नावे 'स'पासून सुरू होणारी आणि तीन-तीन अक्षरांची. परीक्षेतील बैठक क्रमांक लागोपाठचे. निकाल लागला तेव्हा एका विषयात एकीचे गुण दुसरीच्या नावावर चढले होते. जी उत्तीर्ण होती ती अनुत्तीर्ण ठरली. चूक दाखवून देण्यास मी त्या मुलीबरोबर संबंधित कार्यालयात गेलो, तेव्हा खिडकीपलीकडचे गृहस्थ हसून म्हणाले, "घरातल्या घरातच गेलेत ना मार्क?" दुरुस्ती झाली, पण तोवर पुढच्या अभ्यासक्रमाची प्रवेशमुदत टळून गेली होती. तिचे एक वर्ष गेले. परतीच्या वाटेवर ती मला म्हणाली, "सर, तुम्हीसुद्धा वर्गात 'तुम्हा दोघींपैकी कोणीतरी सांगा' असंच म्हणता." ते खरे होते. दोन वर्षे शिकवूनही मी दोघींना स्वतंत्र नावाने हाक मारण्याचे कष्ट घेतले नव्हते. चुकेल या भीतीने मी जोडीलाच संबोधत असे. कार्यालयातील गृहस्थांना दोष देताना हे मला सोडून देता येत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
पुढील जोड्या हाक, लाडनाव आणि आद्याक्षरांनी लिहिलेले नाव या तिन्ही कसोट्यांवर तपासा: रोहन-मोहन; प्रणव-प्रथमेश; गौरी-मंजिरी; केदार-मिहिर. कोणती जोडी तिन्हींत टिकते?

५.६ ध्वनीऐवजी अर्थाने जोडलेली नावे

नावे एकमेकांजवळ आणायची तर ध्वनी हा एकच मार्ग नाही. मराठी परंपरेतच याचे एक अप्रतिम उदाहरण आहे, फक्त ते जुळ्यांचे नाही: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. या चार नावांमध्ये यमक नाही, आद्याक्षरांचे साम्य नाही, अक्षरसंख्याही सारखी नाही. हाकेत, लाडनावात किंवा यादीत यांपैकी कोणतीही दोन नावे एकमेकांत मिसळणार नाहीत. तरीही निवृत्ती, ज्ञान, पायरी आणि मुक्ती अशी अर्थाची एक वाट त्यांतून जाते आणि चौघे एका घरातील आहेत हे ऐकणाऱ्याला उमगते. जोडणे आणि वेगळे करणे ही दोन्ही कार्ये येथे दोन वेगळ्या स्तरांवर वाटून दिली आहेत. अर्थ जोडतो, ध्वनी वेगळे करतो.

तिळ्यांची नावे ठेवताना लोक आपोआप या मार्गाला लागतात. गंगा, यमुना, सरस्वती किंवा ब्रह्मा, विष्णू, महेश. तीन नावांचे यमक साधणे कठीण, म्हणून अर्थाचा आधार घेतला जातो.

मात्र अर्थाची जोडही निर्धोक नसते. काही वर्षांपूर्वी एका संपर्क सत्रात हाच विषय निघाला असता चाळिशीतील एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबले. त्यांचे नाव अंकुश. एवढे सांगितल्याने त्यांची ओळख उघड होणार नाही. या नावाचे पुरुष गावोगाव आहेत. ते म्हणाले, "सर, माझं नाव म्हणजे निम्मं नाव आहे." त्यांचा जुळा भाऊ अकराव्या महिन्यात गेला. नवा माणूस भेटला आणि जुळ्यांचा विषय निघाला, की आजही प्रश्न येतो, "आन् लहू कुठाय?" आईने त्यांना उभ्या आयुष्यात अंकुश म्हणून हाक मारली नाही. घरात ते बाळूच राहिले. अंकुश फक्त शाळेच्या दाखल्यावर.

भाषाविज्ञानात एक संज्ञा आहे, पूर्वगृहीत. 'त्याने पुन्हा दार उघडले' या वाक्यात दार पूर्वी एकदा उघडले होते हे न सांगता गृहीत धरलेले असते. 'अंकुश' या नावात 'लहू' तसाच गृहीत आहे. सर्वसाधारण विशेषनाम स्वतःच्या पायावर उभे असते. जोडीतील नाव दुसऱ्या नावाच्या आधाराने उभे असते, आणि ते दुसरे नाव हाक मारण्याजोगे उरले नाही तरी शब्द त्याच्याकडे बोट दाखवीत राहतो. राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलता येते, हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते ठाऊक होते. अर्ज आणून, भरून, त्यांनी तो कपाटात ठेवून दिला होता. "मी बदललं, तर लहूचं कुठेच काही राहत नाही," ते म्हणाले. "त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. तो आहे तो माझ्याच नावात."

त्या दिवसापर्यंत मी या विषयावर बोलताना जोडनावांची केवळ गैरसोय सांगत असे.

५.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा वस्तीतील जुळ्या भावंडांच्या किमान आठ जोड्यांची नावे मिळवा. प्रत्येक जोडीसाठी जन्मक्रम, जोडी उच्चारण्याचा रूढ क्रम, लाडनावे, जन्माक्षर आणि नाव कोणी सुचवले ही माहिती नोंदवा. शक्य असल्यास दोघांना स्वतंत्रपणे भेटा. एकत्र बसवून विचारल्यास बहुधा एकच जण बोलतो. घरातील वडीलधाऱ्यांना नावाची कथा विचारा, पण ती दोघांनाही ठाऊक आहे का हेही पाहा. वापरात नसलेले नाव, बदललेले नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव या तिन्हींची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत करा.

एक सूचना. 'दुसरा कोठे आहे?' हा प्रश्न आपण होऊन विचारू नका. समोरची व्यक्ती सांगेल तेव्हा लेखणी खाली ठेवून ऐका, आणि ते नाव नोंदवू का, असे विचारून मगच नोंदवा.